फ्लेक्सवरचा स्वर्ग

आमच्या धर्मग्राम परिषदेच्या बैठकीत एका सद्गृहस्थांनी आपला मोबाईल फोन टेबलावरून फिरवला. त्यावर मंगळूरच्या संत आलोयसियस महाविद्यालयातील प्रार्थनामंदिराच्या छताचे छायाचित्र होते. हे गृहस्थ नुकतेच सहकुटुंब मंगळूरला जाऊन आले होते आणि जे पाहिले त्याने भारावून गेले होते, यात आम्हांस आनंदच वाटला. पुढचे वाक्य ऐकून मात्र आम्ही सावरून बसलो. ते म्हणाले, "फादर, हेच छत आपल्या चर्चला बसवता येईल. मोठा फोटो काढून आणायचा, शहरात छापून घ्यायचा आणि पत्र्याखाली ताणून लावायचा. दोन दिवसांचे काम आहे." परिषदेतील बहुतेकांनी माना डोलावल्या. कोणी वेदीमागच्या भिंतीसाठीही असेच काही सुचवले. विरोधात आम्ही एकटेच होतो आणि त्या रात्री आम्हांस नीट बोलता आले नाही. जे तेव्हा बोलायचे राहिले ते येथे लिहीत आहोत. हा प्रश्न एकट्या कोल्हापूरच्या एका चर्चचा नाही. गोव्यापासून वसईपर्यंत आपल्या चर्चमध्ये छापील स्वर्ग झपाट्याने उतरू लागला आहे, हे आमच्या वाचकांनी आपापल्या डोळ्यांनी पाहिलेच असेल.

ज्यांचे छत छापून आणावे म्हणतात, ते गृहस्थ होते तरी कोण? आमच्या बैठकीत हे कोणासही ठाऊक नव्हते. छताचे कौतुक सर्वांना आहे, पण छत रंगवणाऱ्याचे नाव विचारण्याची गरज कोणास वाटली नाही. त्यांचे नाव आंतोनियो मोस्केनी. इटलीतील बेर्गामो शहराजवळच्या स्तेझानो गावी १७ जानेवारी १८५४ रोजी त्यांचा जन्म झाला. लहानपणीच हाताला चित्रकलेचे वळण दिसल्यामुळे त्यांना बेर्गामोच्या कारारा अकादमीत धाडण्यात आले. पुढे रोमला जाऊन त्यांनी व्हॅटिकनमधील थोर भित्तिचित्रांचा अभ्यास केला. हात तयार झाला, नावही होऊ लागले. आणि वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, १८८९ मध्ये, या माणसाने येशूसंघात प्रवेश केला. तोही गुरुदीक्षा घेण्यासाठी नव्हे, बंधू म्हणून. आमच्यासारख्या धर्मगुरूंनी येथे क्षणभर थांबावे असे आम्हांस वाटते. बंधू म्हणजे स्वयंपाकघर, बाग, सुतारकाम, आजाऱ्यांची शुश्रूषा पाहणारा सेवक. तो मिस्सा अर्पण करीत नाही, प्रवचन देत नाही, फलकावर त्याचे नाव झळकत नाही. मोस्केनींनी आपला कुंचला त्या सेवेच्या पंक्तीत नेऊन ठेवला.

मंगळूरचे मिशन १८७८ मध्ये इटालियन येशूसंघीयांकडे सोपवण्यात आले होते. त्यांनी १८८० मध्ये महाविद्यालय काढले आणि काही वर्षांतच टेकडीवर प्रार्थनामंदिर उभारले. मंदिर झाले तरी आतून ते बरीच वर्षे कोरेच होते. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस मोस्केनी तेथे पोहोचले आणि सुमारे दोन-अडीच वर्षांत त्यांनी त्याचे छत, कमानी आणि भिंती रंगवून काढल्या. छताच्या मध्यभागी आलोयसियस गोंझागा या तरुण संताचे चरित्र आहे. कास्तिल्योनेच्या उनाड पोरांना तो धर्मशिक्षण देतो, कार्डिनल बोरोमेओंच्या हातून पहिले ख्रिस्तशरीर घेतो, सरदारकीचा वारसा सोडून येशूसंघात जातो आणि रोममध्ये प्लेगच्या रोग्यांना उचलून आणतो. त्या सेवेतच १५९१ साली तेविसाव्या वर्षी त्याचा अंत झाला. छताच्या उतरत्या भागावर प्रेषित आहेत. त्यांच्याबरोबर त्यांच्या हौतात्म्याची चिन्हे, आणि सर्वत्र फुलांच्या माळा. सपाट गिलाव्यावर उठावाचा असा आभास साधला आहे की, खालून पाहणाऱ्यास ती नक्षी कोरीव वाटावी.

आता ज्यांना हे "दोन दिवसांचे काम" वाटते त्यांनी भिंतीवरचे चित्र कसे निर्माण होते ते ऐकावे. ताज्या गिलाव्यावरील चित्रणात रंग भिंतीवर बसत नाही, तो भिंतीत शिरतो. आधी चुना पाण्यात विझवून दीर्घकाळ मुरत ठेवावा लागतो. मग वाळू मिसळून त्याचे थर द्यायचे. शेवटचा पातळ थर दिवसभरात जेवढे रंगवून होईल तेवढ्याच जागेवर द्यायचा, जास्त नाही. तो ओला असतानाच पाण्यात कालवलेले रंग लावायचे. गेरू, पिवळी माती, काजळी असे चुन्याच्या तीक्ष्णपणापुढे टिकणारेच रंग येथे चालतात. गिलावा वाळताना चुना हवेतील वायू शोषून पुन्हा दगड होतो आणि रंगाचा कण न् कण त्या दगडात कायमचा कोंडला जातो. चूक झाली तर पुसण्याची सोय नाही. तेवढा गिलावा खरवडायचा आणि दुसऱ्या दिवशी नव्याने आरंभ करायचा. हे सारे परांचीवर मान वर करून, डोळ्यांत चुना पडत असताना, आणि तेही मंगळूरच्या पावसात, जेथे आषाढात पाटावरचे मीठसुद्धा वितळते. बेर्गामोच्या कोरड्या थंडीत शिकलेले गणित येथे जसेच्या तसे चालण्यासारखे नव्हते. या माणसाला येथला चुना, येथली हवा, येथला पावसाळा नव्याने शिकावा लागला असणार. बाजूच्या भिंतींवरील काही प्रसंग त्यांनी कॅनव्हासवर तैलरंगांत केले. भिंत काय मागते आणि काय सोसते हे ते जाणत होते.

मंगळूरनंतरही त्यांचा कुंचला थांबला नाही. मुंबईत कुलाब्याला आज आर्चबिशपांचे कॅथेड्रल असलेल्या होली नेम चर्चच्या भिंतींवर त्यांचे काम आहे. मुंबईस जाणाऱ्या आमच्या कुटुंबांपैकी किती जण ते पाहण्यासाठी थांबतात? शेवटी ते कोचीच्या सांताक्रूझ चर्चच्या वेदीच्या सजावटीत गुंतले. तेथे मंगळूरचा त्यांचा शिष्य द गामा त्यांच्यासोबत होता. त्या चर्चचे अभिषेचन १९ नोव्हेंबर १९०५ रोजी झाले. मोस्केनी त्यापूर्वी चारच दिवस, १५ नोव्हेंबरला, निवर्तले होते. वय अवघे एक्कावन्न. हिंदुस्थानात त्यांनी जेमतेम सात वर्षे काढली, इटलीला ते परत गेले नाहीत.

या आयुष्यातून छापखान्यात नेता येईल असे काय आहे? फोटोत दिसतो तो रंग. चुना, परांची, पावसाळा, शिष्य आणि सेवाव्रत यांतले काहीच फोटोत येत नाही. छापील पडद्यावर मोस्केनींचे छत येणार नाही, त्या छताची कात येईल. साप पुढे गेलेला असतो आणि कात कुंपणाला लटकत राहते, हे आपल्या शेतकरी वाचकांना वेगळे सांगायला नको.

एक आक्षेप नेहमीचा आहे. तो आमच्या बैठकीतही आला. "फादर, अहो तो काही मायकेलएंजेलो नव्हता. नुसता सजावट करणारा चित्रकार. त्याचे छापून घेतले तर काय बिघडले?" या "नुसता" शब्दावर आमचा राग आहे. कलासमीक्षक मोस्केनींना पहिल्या रांगेत बसवत नाहीत, हे खरे. त्यांनी कोणतीही नवी शैली काढली नाही. त्यांचे संत गोरेपान आणि इटालियन चेहऱ्याचे आहेत, हेही आम्ही लपवत नाही. परंतु चर्चची सजावट हा आपल्या श्रद्धेचा मुखवटा नव्हे. इ. स. ६०० च्या सुमारास मार्सेयचे बिशप सेरेनुस यांनी चर्चमधील चित्रे फोडून टाकली, तेव्हा पोप महान ग्रेगरी यांनी त्यांना पत्राने खडसावले. ज्यांना अक्षरे वाचता येत नाहीत ते भिंती वाचतात, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ७८७ च्या निकेयाच्या दुसऱ्या विश्वपरिषदेने चित्रवंदनाचा प्रश्न सोडवला तो मोठ्या रक्तरंजित भांडणानंतर. ज्यासाठी माणसांनी छळ सोसला ते "नुसती सजावट" कसे?

आणि हे कोल्हापुरात बोलावे याचे आम्हांस अधिकच आश्चर्य वाटते! या नगरीला कलापूर म्हणतात ते कशाच्या बळावर? बाबूराव पेंटरांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले. राजवाडा, अरण्य, राजमार्ग सारे सपाट कापडावर असे उभे केले की प्रेक्षक नटांच्या आधी पडद्याला दाद देत. ती सजावटच होती. पुढे त्याच हातांनी चित्रपट घडवले, पुतळे ओतले. आबालाल रहिमान शाहू महाराजांच्या दरबारी होते आणि रंकाळ्याच्या काठावरचा प्रकाश त्यांनी कागदावर धरून ठेवला. जी. कांबळे सिनेमाची भव्य पोस्टरे रंगवत. शिवछत्रपतींचे त्यांनी काढलेले चित्र शासनाने अधिकृत म्हणून स्वीकारले. हे सारे "पेंटर" होते आणि त्या शब्दाचा त्यांना अभिमान होता, इतका की बाबूराव मेस्त्रींनी तो आडनावासारखा धारण केला. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळाले तेव्हा या शहरातील माणसे रस्त्यावर उभी राहून रडली. शाहू महाराजांनी १९१५ साली बांधलेली ती वास्तू होती. आमच्या धर्मग्रामातील तरुणही त्या रात्री तेथे गेले होते, आम्ही त्यांचे ओले डोळे पाहिले. नाट्यगृहासाठी रडणाऱ्या मुलांना चर्चच्या भिंतीविषयी काहीच वाटू नये, यात दोष त्यांचा नाही. आम्ही धर्मगुरूंनी त्यांना भिंत पाहायला शिकवले नाही.

येथे आमचाही एक गुन्हा कबूल केला पाहिजे. इतरांना दूषणे देताना तो झाकून ठेवणे आमच्या झग्याला शोभणार नाही.

सुमारे वीस-बावीस वर्षांपूर्वी आम्ही एका खेड्यातील लहानशा चर्चचे काम पाहत होतो. वेदीमागच्या भिंतीवर उत्तम मेंढपाळाचे चित्र होते. कोणे एके काळी तालुक्याच्या गावच्या, दुकानाच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरने ते काढले होते. चित्रातील येशूच्या खांद्यावर घोंगडी होती, डोक्यास मुंडासे, हातात धनगराची काठी. हात जरा आखूड पडला होता, पायांचे प्रमाण चुकले होते. आम्ही सेमिनरीत सौंदर्यशास्त्राची चार पुस्तके वाचून आलो होतो. आम्हांस ते चित्र गावंढळ वाटे, पाहुणे धर्मगुरू आले की लाजही वाटे. चर्चच्या वर्धापनदिनासाठी रंगकाम निघाले, तेव्हा ठेकेदाराने विचारले, "ही भिंतबी मारायची का?" आम्ही होकार दिला. फिकट गुलाबी ऑईल पेंटचे दोन हात बसले आणि वर बाजारातून आणलेला चकचकीत छापील फोटो सोनेरी चौकटीत टांगला गेला. पुढच्या रविवारी मिस्सानंतर एक म्हातारी बाई वेदीजवळ आली. ती निरक्षर होती, तरी धर्मशिक्षणाच्या मुलांना ती उत्तम मेंढपाळाची गोष्ट सांगायची ती त्या भिंतीकडे बोट दाखवूनच. तिने भिंतीकडे पाहिले आणि म्हणाली, "फादर, आमचा मेंढका कुठं गेला वो?"

आम्ही तिला छापील फोटो दाखवला. तिने हात जोडले, पण पुन्हा तिने त्या भिंतीकडे बोट करून गोष्ट सांगितलेली आम्ही पाहिली नाही. तीन पावसाळ्यांत तो ऑईल पेंट फुगला, पापुद्रे सुटले. चुन्याच्या जुन्या भिंतीला श्वास घ्यावा लागतो. तिच्यात शिरलेली ओल तिच्यातूनच बाहेर पडते. तिच्यावर तेलाचा वा प्लॅस्टिकचा रंग थापला की ओल आत कोंडते आणि गिलावा कुजवते. पापुद्य्रांबरोबर खालचा मेंढपाळही गळून पडला. आम्ही तो झाडूने गोळा केलेला पाहिला आहे. म्हणून भिंतीविषयी बोलण्याचा आमचा अधिकार काही मोठा नाही. अपराध्याला असतो तेवढाच आहे.

सुधारणा म्हणून केलेली मोडतोड आपल्याकडे नवी नाही, आणि ती केवळ खेड्यातच होते असेही नाही. जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिका आपण सारे तिच्या लालसर दगडांसाठी ओळखतो. पण तो दगड उघडा ठेवण्यासाठी नव्हताच. बांधणाऱ्यांनी तो चुन्याच्या गिलाव्याने झाकला होता. १९५० च्या दशकात वास्तू अधिक प्राचीन दिसावी म्हणून गिलावा उतरवण्यात आला. जांभा दगड पाणी पितो. तेव्हापासून प्रत्येक पावसाळा त्या भिंतींना झिजवत आहे आणि गिलावा पुन्हा करावा की नाही याचा वाद अजून चालू आहे. त्याच बॅसिलिकेत संत फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीखालची संगमरवरी समाधी फ्लॉरेन्सच्या फोज्जिनींनी घडवली आहे, ती १६९८ मध्ये बसवण्यात आली. (फ्लॉरेन्सचे नाव निघाले म्हणून आठवले. आमच्या करवीरचे तरुण राजाराम महाराज युरोपच्या प्रवासातून परतताना १८७० मध्ये त्याच शहरी वारले. आर्नो नदीच्या संगमावर त्यांचे दहन झाले आणि तेथे त्यांची छत्री आजही त्या लोकांनी जपली आहे. परक्या धर्माच्या, परक्या देशाच्या पाहुण्याचे स्मारक ते दीडशे वर्षे सांभाळतात. आम्हांला आपल्या घरचे चित्र वीस वर्षे सांभाळता आले नाही.)

मंगळूरकरांनी मात्र सांभाळले. मोस्केनींच्या चित्रांनाही ओलीने आणि काळाने ग्रासलेच होते. तेथील येशूसंघीयांनी वर नवा रंग मारला नाही. १९९१ ते १९९४ या काळात इंटॅक या संस्थेच्या तज्ज्ञांकडून त्यांनी चित्रांचे जतनकाम करून घेतले. आज आपले गृहस्थ फोनवर जे छायाचित्र दाखवतात ते त्या संयमामुळे शक्य झाले आहे.

आता दुसऱ्या बाजूने येणारा बाण. आमचे काही तरुण धर्मगुरू-मित्र म्हणतात की, छापील असो वा हाती रंगवलेले, मोस्केनी हवाच कशाला? ती साम्राज्याच्या काळातील आयात आहे. आपली ख्रिस्तसभा भारतीय व्हायची असेल तर हे गोरे संत भिंतीवरून उतरले पाहिजेत. या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे आणि तो आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. गोव्यातील सांतो एस्तेव्हांव येथे १९०२ साली जन्मलेले आंजेलो द फोन्सेका शांतिनिकेतनात शिकून आले. त्यांनी मरियामातेला साडी नेसवली, बाळ येशूला आपल्या मातीचा वर्ण दिला, तेव्हा आपल्याच लोकांनी त्यांच्यावर टीकेचा भडिमार केला. त्यांना गोवा सोडावा लागला. आसरा मिळाला तो पुण्यातील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात, म्हणजे अँग्लिकन बंधूंच्या घरी. १९६७ मध्ये ते वारले. कॅथलिक समाजाने आपल्या एका श्रेष्ठ चित्रकाराला कॅथलिक चर्चची भिंत दिली नाही, ही आमच्या मते मोठी लाजिरवाणी गोष्ट आहे. परंतु एकाच्या भिंती नाकारल्या याचे प्रायश्चित्त दुसऱ्याच्या भिंती पुसून होत नसते. द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ च्या उपासनेवरील संविधानात स्पष्ट सांगितले आहे की ख्रिस्तसभेने कोणतीही एक कलाशैली आपली म्हणून स्वीकारलेली नाही. प्रत्येक काळाची आणि प्रत्येक लोकसमूहाची कला तिला मान्य आहे. त्याच दस्तऐवजात पवित्र कलाकृती विकल्या वा उधळल्या जाऊ नयेत म्हणून दक्ष राहण्याची जबाबदारी बिशपांवर टाकली आहे. ही परिषद बोलावणारे पोप तेविसावे जॉन हेही बेर्गामोकडचेच होते. मोस्केनी मंगळूरला परांचीवर उभे होते तेव्हा ते बेर्गामोच्या सेमिनरीत शिकत होते. एकाच मातीतल्या या दोघांना परस्परांविरुद्ध उभे करण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

पैशाचा प्रश्न राहिला. "एवढे पैसे भिंतीवर घालवण्यापेक्षा गरिबांना द्या" हे वाक्य बैठकीत आले तेव्हा आम्हांस बेथानीचे घर आठवले. सुगंधी तेल विकून गरिबांना द्यावे, असे तेथे कोण म्हणाला आणि त्याच्या हाती पैशांची थैली कोणत्या कारणाने होती, हे वाचकांनी योहानच्या शुभवर्तमानात पाहावे. बोलणाऱ्यावर आमचा हेत्वारोप नाही. आम्ही एवढेच विचारतो की, छापील पडद्याचा पैसा कोणाकडे जातो? यंत्राकडे, प्लॅस्टिकच्या कापडाकडे, शाईकडे. आणि पेंटरला दिलेला पैसा? डिजिटल छपाई आल्यापासून या शहरातील हाती बॅनर रंगवणारे किती जण घरी बसले आणि किती जण घरांच्या भिंतींना ब्रश मारून पोट भरतात, हे त्यांच्या गल्लीत जाऊन विचारावे. गरिबाला द्यायचेच असेल तर त्याच्या हाताला काम देऊन द्यावे. फ्लेक्स थोड्याच वर्षांत फिका पडतो, सुरकुततो, मग पुन्हा खर्च. उतरवलेला पडदा पुढे गोठ्यावर किंवा पावसात सरपणावर झाकायला जातो. वेदीवरच्या येशूचा चेहरा म्हशीच्या गोठ्यावर उलटा लटकलेला आम्ही स्वतः पाहिला आहे आणि ज्या घरच्यांनी तो लावला त्यांना आम्ही काही बोलू शकलो नाही. तो पडदा त्यांना चर्चमधूनच मिळाला होता.

आमच्या शहरातील चित्रकार बहुधा ख्रिस्ती नाहीत, ही अडचण काहींनी हळूच कानात सांगितली. अशांना आम्ही एवढेच सांगू की, १५८० मध्ये गोव्याहून येशूसंघाचे पहिले मंडळ अकबराच्या दरबारी फत्तेपूर सिक्रीला गेले. त्याचे प्रमुख होते रोदोल्फो आक्वाविवा, ज्यांना पुढे साष्टीतील कुंकळ्ळीस हौतात्म्य लाभले. या मंडळाने बरोबर नेलेल्या बायबलमधील व इतर मुद्रित चित्रांवरून केशवदासासारख्या हिंदू चितारी मंडळींनी येशूची आणि मरियामातेची चित्रे काढली. ती पाहून फादर आक्वाविवांचा धर्म बुडाला नाही. ज्याला आपण कथा नीट सांगू तो ती नीट काढेल. सांगण्याचे काम आमचे आहे आणि ते टाळण्यासाठीच आम्ही छापखान्याकडे धावतो की काय, अशी शंका आम्हांस येते. यंत्राला कथा सांगावी लागत नाही. चित्रकार प्रश्न विचारतो.

परिषदेपुढे आम्ही ठेवलेला प्रस्ताव लहान आहे. छत पत्र्याचे आहे, त्याला कोणतेच सोंग नको. पांढरे राहू द्यावे. वेदीमागची भिंत तेवढी जुनी, दगड-चुन्याची आहे. तिच्यावरचा ऑईल पेंट खरवडून काढावा, चुन्याचा गिलावा द्यावा, एक पूर्ण पावसाळा तिला वाळू द्यावे आणि मग शहरातील एखाद्या पेंटरकडून ती रंगवून घ्यावी. कलानिकेतनमधून शिकून आलेली आमची दोन मुले त्याच्या हाताखाली काम करतील, जसा द गामा मोस्केनींच्या हाताखाली होता. यात वर्ष-दीड वर्ष जाईल. तोवर भिंत कोरी राहील आणि सणाच्या दिवशी पाहुणे विचारतील तेव्हा आम्ही त्यांना खरे ते सांगू.

मागील आठवड्यात आम्ही एका वयस्क पेंटरला चर्चमध्ये घेऊन आलो. ते पूर्वी थिएटरवरचे बॅनर रंगवीत. त्यांनी बोटाच्या पेराने भिंत ठिकठिकाणी वाजवून पाहिली, पाऊस कोणत्या बाजूने मारतो ते विचारले, खिडकीतून सकाळचे ऊन कुठवर येते ते उभे राहून बघितले. मग कथा विचारली. आम्ही उत्तम मेंढपाळाची कथा सांगितली, आणि खेड्यातील त्या पुसलेल्या चित्राचीही सांगितली. त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "फादर, आपल्याकडची दख्खनी मेंढरं काळी असतात. फोटोत पांढरी दाखवत्यात. कुठली काढायची?"

या प्रश्नावर परिषदेच्या पुढील बैठकीत मत घेण्यात येईल. तिच्यात मोबाईल फोन टेबलावर फिरणार नाही. चुना मात्र आम्ही आधीच आणून पिंपात मुरत घातला आहे.